‘शेतकऱ्यांची_संख्या’ हे नाव पायथनला का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने गावातील जमिनीच्या नोंदी ठेवणारा छोटा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला असून व्हेरिएबलांची, म्हणजे माहिती साठवण्याच्या कप्प्यांची, नावे मराठीत ठेवली आहेत. ‘गावांची_संख्या’ हे नाव बिनतक्रार चालते, मात्र ‘शेतकर्‍यांची_संख्या’ लिहिले की एरर येते, आणि तीच ओळ मित्राने स्वतःच्या लॅपटॉपवर टाइप केली की ती निमूटपणे चालते. सरांचे म्हणणे असे की मराठी नावे मुळात चालतच नाहीत, जे चालले ते योगायोगाने चालले. तेव्हा नाव कशाला म्हणायचे याचा पायथनचा नेमका नियम काय, असे या विद्यार्थ्याने विचारले आहे.

सरांच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण ते एके काळी खरे होते. पायथन २ मध्ये नावात इंग्रजी अक्षरे, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर याखेरीज काहीही चालत नसे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून ही अट उठली. आज मराठी नावे चालतात ती नियमाने चालतात, योगायोगाने नव्हे. तुमचे एक नाव अडते तेही नियमानेच अडते. फरक इतकाच की हा नियम तुम्हाला पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांना लागू होत नाही, तर फाइलमध्ये साठवलेल्या चिन्हांना लागू होतो, आणि मराठीत या दोन गोष्टी वाटतात तितक्या एक नाहीत.

नियम असा की नावाचे पहिले चिन्ह अक्षर किंवा अंडरस्कोर असले पाहिजे आणि त्यापुढे अक्षरे, अंक, अंडरस्कोर आणि अक्षराला जोडून येणारी चिन्हे येऊ शकतात. यातील ‘अक्षर’ म्हणजे काय हे पायथन स्वतः ठरवत नाही. युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाने, प्रत्येक चिन्हाला जो प्रकार लावून दिला आहे तो पाहते. क, ख, ग आणि अ, आ, इ ही अक्षरे आहेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही जोडचिन्हे आहेत. ती नावाच्या मध्ये किंवा शेवटी चालतात, आरंभी नाही. दंड हे विरामचिन्ह असल्यामुळे चालत नाही. रुपयाचे ₹ हे चिन्ह चलनचिन्हांच्या प्रकारात मोडते, म्हणून पायथनमध्ये चालत नाही. जावा या दुसऱ्या भाषेत मात्र ते नावात चालते, कारण तिथे डॉलरच्या चिन्हाला परवानगी देताना सगळ्याच चलनचिन्हांना दिली गेली. आपला अवग्रह (ऽ) आणि ॐ ही दोन्ही युनिकोडच्या लेखी अक्षरे आहेत, त्यामुळे नुसते ‘ॐ’ हे पायथनमध्ये वैध नाव ठरते. असे नाव कोणी ठेवू नये, पण ठेवले तर पायथनची हरकत नसते.

आता तुमच्या नावाकडे येऊ. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ्य’ हा मराठीचा खास जोडाक्षराचा प्रकार आहे. तो संगणकावर दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिला जातो आणि दोन्ही रीतींनी पडद्यावर हुबेहूब सारखाच दिसतो. पहिल्या रीतीत युनिकोडमधले ०९३१ क्रमांकाचे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याचा पाय मोडण्याचे चिन्ह आणि मग ‘य’ अशी तीन चिन्हे असतात. दुसऱ्या रीतीत साधे ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह, त्यानंतर २००डी क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह आणि मग ‘य’ अशी चार चिन्हे असतात. या अदृश्य चिन्हाला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला स्वतःची रुंदी नसते. ‘इथे रफार करू नका, र चा अर्धा आकार दाखवा’ एवढीच सूचना ते फाँटला देते. युनिकोडने त्याचा समावेश अक्षरांत किंवा जोडचिन्हांत केलेला नाही, तर मांडणीच्या सूचनांत केला आहे, आणि मांडणीच्या सूचना पायथनला नावात चालत नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत मिळणारी एरर बारकाईने वाचलीत तर ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर यू+२००डी’ असे शब्द दिसतील. जुन्या आवृत्त्या नावात चुकीचे चिन्ह आहे एवढेच मोघम सांगत असत, आणि जे चिन्ह दिसतच नाही ते शोधत माणूस तासभर बसत असे.

तुमच्या मित्राचा कीबोर्ड बहुधा इनस्क्रिप्ट असावा. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ ज्या कळीवर आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर उमटते. तुमचा कीबोर्ड उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरे घेऊन देवनागरी उमटवणारा असावा. असे काही कीबोर्ड ‘ऱ्य’साठी आतल्या आत ते अदृश्य चिन्ह घालतात. अर्थात हा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा हे ठरवायला दोन मिनिटे पुरतात. ‘दऱ्या’ हा शब्द तुमच्या कीबोर्डने अवतरणचिन्हांत टाइप करा आणि पायथनला त्याची लांबी विचारा. स्वतंत्र ‘ऱ’ असेल तर उत्तर ५ येईल: द, ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह, य आणि काना. उत्तर ६ आले तर सहावे चिन्ह कोणते ते उघड आहे. खात्रीसाठी युनिकोडडेटा हे मॉड्यूल घेऊन त्या शब्दातील एकेका चिन्हाचे नाव छापून पाहा. माझ्या हाताखाली नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे एकदा करायला लावतो, कारण आपण लिहिलेला शब्द असा सुटा सुटा होऊन समोर आला की मग पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

दुरुस्ती करताना एक चूक हमखास होते, म्हणून आधीच सावध करतो. अदृश्य चिन्ह नडते आहे असे कळले की लोक शोधा-आणि-बदला वापरून ते सगळीकडून सरसकट पुसून टाकतात. एरर जाते, पण ‘य’वर रफार चढतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्या गेल्या आणि समुद्र आला. नावापुरते हे एक वेळ खपेल, परंतु त्याच फाइलमधल्या अवतरणचिन्हांतल्या मजकुरातही हेच घडते आणि ‘कर्मचाऱ्यांची यादी’ छापताना ‘कर्मचार्यांची यादी’ अशी निघते. म्हणून पुसू नका, बदला: ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जॉइनर या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही दोन घाला. वैध नावही मिळते आणि शुद्ध मराठीही राहते.

हे पायथनपुरते झाले. इतर भाषांनी हीच रेषा वेगवेगळ्या जागी ओढली आहे, आणि कोणत्या भाषेत काम करायचे यावर उत्तर खरोखरच अवलंबून आहे. जावास्क्रिप्टने २००९ च्या प्रमाणकापासून हा जॉइनर नावाच्या आत चालवून घेतला. काही लिप्यांत शब्द नीट लिहायला तो लागतोच, हा त्यामागचा विचार, आणि विचार म्हणून तो सहृदयच आहे. परंतु जावास्क्रिप्ट दोन नावांची तुलना करताना साठवलेली चिन्हे जशीच्या तशी ताडून पाहते. त्यामुळे मित्राने एका रीतीने लिहिलेले ‘शेतकऱ्यांची_संख्या’ आणि तुम्ही दुसऱ्या रीतीने लिहिलेले ‘शेतकर्‍यांची_संख्या’ ही तिथे दोन स्वतंत्र नावे ठरतात. पायथन पाहुण्याला दारातच अडवते. जावास्क्रिप्ट दोघांनाही आत घेते आणि मग अमुक व्हेरिएबल अस्तित्वातच नाही अशी तक्रार करते, तेव्हा ते व्हेरिएबल तुमच्या डोळ्यांसमोर वरच्याच ओळीत असते. मला विचाराल तर दारात अडवणारी भाषा बरी.

गो या भाषेची तऱ्हा याहून निराळी आहे. तिथे नावात युनिकोडची अक्षरे आणि अंक चालतात, जोडचिन्हे चालत नाहीत. याचा मराठीपुरता अर्थ असा की ‘घर’, ‘गवत’, ‘फणस’, ‘सरळ’ ही नावे वैध आणि ‘किंमत’ अवैध, कारण तीत वेलांटी आहे आणि अनुस्वारही. पहिलीच्या पुस्तकातल्या बिनकान्यामात्रेच्या धड्यावर ज्याला अख्खा प्रोग्राम बसवता येईल त्याने गोमध्ये मराठी नावे खुशाल ठेवावीत. शिवाय तिथे एखादे नाव दुसऱ्या पॅकेजला दिसायचे असेल तर ते इंग्रजी कॅपिटलसारख्या मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसतात.

पायथनमध्येही दोन मराठी नावे सारखी दिसून वेगळी असण्याचा धोका पुरता गेलेला नाही. पायथन नावे ताडून पाहण्याआधी ती युनिकोडच्या एका ठरावीक प्रमाण रूपात आणून घेते. त्यामुळे कोणी ‘ऱ’ हे ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (खालचे टिंब) अशा दोन चिन्हांनी लिहिले तरी ते स्वतंत्र ‘ऱ’ सारखेच धरले जाते. ही सोय चांगली आहे. परंतु ‘ॲ’ला ती लागू होत नाही. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ हे ०९७२ क्रमांकाचे एक स्वतंत्र अक्षर आहे आणि ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्यापूर्वी, आणि अनेक कीबोर्डवर आजही, ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी ‘अॅ’ लिहिला जातो. दिसायला एकच, पण युनिकोडने या दोघांना एकरूप मानलेले नाही, म्हणून पायथनही मानत नाही. ‘ॲडव्हान्स’ आणि ‘अॅडव्हान्स’ ही दोन व्हेरिएबले एकाच फाइलमध्ये सुखाने नांदू शकतात. हीच गोष्ट आकड्यांची. ‘किंमत२’ हे नाव वैध आहे, पण देवनागरी दोनऐवजी इंग्रजी दोन टाइप केलात तर ते दुसरेच नाव होते. आणि देवनागरी आकडे नावात चालतात म्हणून संख्येतही चालतील असे समजू नका: अवतरणचिन्हांतला ‘२५’ संख्येत रूपांतरित करायला दिलात तर पायथन त्याचे व्यवस्थित पंचवीस करून देते, मात्र कोडमध्ये थेट २५ लिहिलेत तर अवैध चिन्ह म्हणून नाकारते.

मराठीत लिहिणाऱ्याला नडणारी विरामचिन्हांची सवय हा याहून मोठा विषय आहे, आणि तिथे मी स्वतः चांगला आपटलेलो आहे. एका संस्थेसाठी बियाणे वाटपाच्या नोंदींचे काम करत असताना मी एका फंक्शनमध्ये ‘निःशुल्क_वाटप’ असे नाव ठेवले आणि त्यात एक संख्या घातली. निदान मला वाटले की मी तसे केले. प्रत्यक्षात घाईत विसर्गाच्या जागी कोलन टाइप झाला, जसा आपण सगळेच ‘स्वत:’ लिहिताना करतो. ‘नि:शुल्क_वाटप’ या ओळीचा पायथनने लावलेला अर्थ असा: ‘नि’ नावाचे व्हेरिएबल आहे, कोलनच्या पुढे त्याच्या प्रकाराची टीप आहे, आणि त्याला ही किंमत द्यायची आहे. फंक्शनच्या आतल्या अशा टिपा पायथन तपासून पाहतच नाही, त्यामुळे एरर आलीच नाही. वर ‘शुल्क’ आणि ‘वाटप’ या शब्दांची नावे आधीपासून इतकी होती की वाचतानाही काही खटकले नाही. बेरीज चुकत राहिली आणि मी दोन दिवस बेरजेचे कोड तपासत राहिलो. खरा विसर्ग हे जोडचिन्ह असल्यामुळे नावात पूर्ण वैध आहे. कोलन हा व्याकरणाचा भाग आहे. एडिटरच्या फाँटमध्ये दोघांतला फरक ओळखू येत नसेल तर फाँट बदला, किंवा माझ्यासारखे करा आणि नावात विसर्ग असलेले शब्दच टाळा. तेव्हापासून मी ‘मोफत_वाटप’ लिहितो.

याच जातीच्या आणखी दोन सवयी तुमच्या विषयात येतीलच. ‘गट-क्रमांक’ मधले संयोगचिन्ह म्हणजे पायथनच्या दृष्टीने वजाबाकी. आणि ‘ता.’, ‘जि.’, ‘क्र.’ अशी टिंब देऊन केलेली संक्षिप्त रूपे चालत नाहीत, कारण टिंबानंतर आतल्या गुणधर्माचे नाव येणार अशी पायथनची अपेक्षा असते. जमिनीच्या नोंदी म्हटल्या की सातबारा आलाच, आणि त्याला आकड्यांत लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ‘७_१२_उतारा’ हे नाव आकड्याने सुरू होत असल्यामुळे कोणत्याही लिपीतल्या आकड्यांत अवैधच. गंमत अशी की पायथन ३.६ पासून मोठ्या संख्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून आकड्यांच्या मध्ये अंडरस्कोर चालतो, त्यामुळे इंग्रजी आकड्यांत नुसते ७_१२ लिहिलेत तर पायथन ते सातशे बारा म्हणून घेते, आणि तिरकी रेघ देऊन लिहिलेत तर साताला बाराने भागून दाखवते. अक्षरांत ‘सातबारा’ लिहा.

इफ, फॉर, क्लास यांसारखे राखीव शब्द नाव म्हणून वापरता येत नाहीत, हे तुम्हाला शिकवलेले असेलच. सध्या असे ३५ शब्द आहेत आणि मॅच, केस, टाइप असे काही विशिष्ट जागीच राखीव ठरणारे आहेत. मराठीत लिहिणाऱ्याला याची फिकीर नाही, कारण त्यातला एकही देवनागरीत नाही. त्याहून उपयोगाचे म्हणजे लिस्ट, सम, मॅक्स ही पायथनची अंगभूत नावे नवशिके नकळत झाकून टाकतात आणि मग यादी बनवणारे फंक्शनच हरवते. ‘यादी’, ‘बेरीज’, ‘कमाल’ लिहिणाऱ्यावर ही वेळ येत नाही. एखादे नाव वैध आहे का हे पायथनलाच विचारायचे असेल तर मजकुरावर चालणारे इझआयडेंटिफायर हे फंक्शन आहे. मात्र ते राखीव शब्दांनाही होकार देते, त्यासाठी कीवर्ड या मॉड्यूलमधील इझकीवर्ड वेगळे विचारावे लागते.

राहिला प्रश्न मराठी नावे ठेवावीत की नाही, हा. हे कामावर आणि सोबतच्या माणसांवर अवलंबून आहे. जो कोड मराठी न येणाऱ्याच्या हाती जाणार आहे, किंवा जगात कोणीही वापरावा म्हणून खुला ठेवायचा आहे, तिथे मी इंग्रजी नावेच ठेवतो. पायथनच्या स्वतःच्या प्रमाण लायब्ररीतही इंग्रजी अक्षरांचीच सक्ती आहे. परंतु फेरफार, पोटखराबा, आकारणी, खातेदार हे शब्द जिथे रोज लागतात, तिथे भाषांतर करायला गेले की अर्थ सांडतो आणि रोमन लिपीत लिहायला गेले की प्रत्येक जण वेगळे स्पेलिंग करतो. एका कामात आम्ही तिघांनी ‘पोटखराबा’ रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिला होता, आणि तिन्ही प्रकार कोडमध्ये शिरले होते. देवनागरीत त्याचे एकच रूप आहे, आणि त्यात ‘ऱ्य’ही नाही, ‘ॲ’ही नाही. तुमचा प्रकल्प याच जातीचा आहे, तेव्हा नावे मराठीत ठेवण्याचा तुमचा निर्णय मला पटतो. फक्त सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, आकडे नावात इंग्रजीच ठेवायचे आणि व्हॉट्सॲपवरून आलेला कोड थेट न चिकटवता आधी तपासून घ्यायचा, एवढे मित्राशी ठरवून घ्या.

तुमच्या फाइलपुरते आत्ता करायचे ते असे. वर सांगितल्याप्रमाणे ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जॉइनर यांच्या जागी ‘ऱ’ आणि पाय मोडण्याचे चिन्ह घाला. मग कोडमध्ये जॉइनर अजून कुठे उरला आहे का ते शोधा. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात तो चालतो, पण शब्दकोशाच्या (पायथनच्या डिक्शनरीच्या) किल्ल्या म्हणून वापरलेल्या मजकुराकडे वेगळे लक्ष द्या, कारण नावांना मिळणारे प्रमाण रूप मजकुराला आपोआप मिळत नाही. तिथे एकीकडे ‘दऱ्या’ जॉइनरने आणि दुसरीकडे ‘ऱ’ने लिहिलेला राहिला, तर किल्ली सापडत नाही अशी एरर येईल. ती आली तर दोन्ही शब्दांची लांबी छापून इथे टाका, पुढे पाहू.